पाठमोरं कॅलेंडर

माझं लग्न झालं तेव्हा ठाण्याच्या नौपाड्यात नवऱ्याचा हात धरून रस्त्याने चालायची पद्धत नव्हती. सासूबाई गॅलरीत उभ्या असायच्या. हे पुढे, मी मागे, आणि काही बोलायचं असलं तर घरी आल्यावर. मग तिशी ओलांडता ओलांडता माझ्या दोन्ही डोळ्यांचे पडदे गेले आणि एक दिवस सासूबाईच यांच्यावर खेकसल्या, "अरे, धर की तिला! पडेल ना ती." असा मला भर रस्त्यात नवऱ्याला धरायचा परवाना मिळाला. तो मी आजतागायत वापरते आहे.

धरायचं म्हणजे हात नव्हे, कोपर. त्यांचं डावं कोपर माझ्या उजव्या हातात, आणि मी त्यांच्या किंचित मागे. त्यांनी कोपर अंगाशी आवळलं की थांबायचं, पुढे वाट नाही. सैल सोडलं की चलायचं. हे आम्हांला कुणी शिकवलं नाही, पडत-अडखळतच ठरत गेलं. त्याच्या जोडीला त्यांच्या तोंडाचा पट्टा चालू. हे कोलशेतच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते, यंत्रांचे नकाशे काढायचे. त्यामुळे वर्णन कसं अगदी मापात. "डावीकडे खड्डा, परातीएवढा." "समोर स्कूटर, तिरकी लावलीय गाढवाने." आणि मधूनच आवाज खाली आणून, "तुझी ती शिवणक्लासवाली मैत्रीण येतेय. केस काळे केलेत, पण भांगात विसरली. तू काही बोलू नकोस." मी काय बोलणार, मला दिसलं असतं तर ना! पण मैत्रीण समोर आली की मला हसू आवरायचं नाही.

मी गणिताची शिक्षिका. फळा दिसेनासा झाल्यावर शाळा सोडली आणि घरी तोंडी शिकवण्या घेतल्या. माझ्या हाताखालून गेलेली मुलं आता टक्कल पडलेले बाप्ये झालेत, तरी रस्त्यात मला बघून आवाज बदलतात. मला उत्तरापेक्षा रीत महत्त्वाची. नुसतं उत्तर लिहून आणलं तर मी भोपळा द्यायची. कॉपी तर माझ्या वर्गात कुणी करूच शकलं नाही. असा माझा स्वभाव, आणि असल्या बाईला एका माणसाच्या डोळ्यांवर पंचवीसेक वर्षं डोळे झाकून विश्वास ठेवावा लागला. संध्याकाळी आम्ही नौपाड्यातून तलावापर्यंत फेरी मारायचो. बाकी सगळं गेलं तरी चालेल, पण ही फेरी जायला नको, असं मला वाटायचं. आजही वाटतं.

गेल्या पावसाळ्यानंतर मुलीने माझ्या फोनमध्ये ते एआयचं यंत्र घालून दिलं. ती कोलशेतच्या एका टॉवरमध्ये राहते आणि मला सुधारायचं तिने मनावर घेतलंय. फोन गळ्यात पाऊचमध्ये लटकवायचा, कॅमेरा पुढे. कानात घालायचं यंत्र असं, की बाहेरचंही ऐकू येतं. मग फोन बोलायला लागतो. "समोर तीन पायऱ्या, खाली जातात." "उजवीकडे उभी मोटारसायकल." आवाज बाईचा, मराठी सरकारी पत्रातलं.

मी त्याची तोंडी परीक्षा घेतली. शेजारच्या दारातली रांगोळी त्याला दाखवली, तर म्हणे, "जमिनीवर पांढरी पावडर सांडलेली आहे." माझ्या जाऊबाईंना "एक व्यक्ती, कदाचित रागावलेली" म्हणाला. हे मात्र त्याचं अचूक निघालं. काठावर पास केलं मी त्याला.

पण खरं सांगायचं तर मी हरखून गेले होते. औषधाच्या पाकिटावरची तारीख फोनने वाचून दाखवली. लिफ्ट कितव्या मजल्यावर थांबली ते सांगितलं. एके सकाळी मी एकटी खाली उतरले, कोपऱ्यावरच्या दुकानातून कोथिंबीर आणि साबुदाणा घेतला आणि एकटी वर आले. दार लावून घेतलं आणि मला रडू फुटलं. साबुदाण्यासाठी रडतेय याचा रागही आला. दुकानदाराशी किती वर्षांनी मी एकटीने हुज्जत घातली होती!

हे मात्र "बरं झालं," एवढंच म्हणाले. त्याच सुमारास त्यांचं बरंच काही बदललं होतं. सकाळी मला पेपर वाचून दाखवायचे, ते बंद केलं. "हल्ली असतं काय त्यात?" चहा ओतताना बशीत सांडायला लागला. आणि डोंबिवलीच्या बहिणीवर एकाएकी प्रेम उतू जायला लागलं. रोज सकाळी, दूध तापायच्या आधी, तिला फोन. गॅलरीत जाऊन, दबक्या आवाजात. नणंदेशी नवरा दबक्या आवाजात बोलत असला तर विषय कोण असणार, हे कुठल्याही सुनेला सांगावं लागत नाही. मी मनाशी ठरवून टाकलं की यांना त्या फोनचा मत्सर वाटतोय. इतकी वर्षं ते होते माझे डोळे, आता गळ्यात सवत लटकली. थोडं वाईट वाटलं आणि, खोटं कशाला बोलू, थोडं बरंही वाटलं.

मग दिवाळी झाल्यावरची ती फेरी. आमच्या वाटेवर एक जुनं साडीचं दुकान आहे. माझ्या मुलीच्या लग्नाचा बस्ता तिथलाच. हे तिथे नेहमी रेंगाळायचे आणि काचेत काय लावलंय ते मला सांगायचे. त्या दिवशीही म्हणाले, "आज मोरपंखी पैठणी लावलीय. काठ रुंद आहेत. तुला शोभली असती." आणि त्याच वेळी माझ्या कानात ती सरकारी बाई म्हणाली, "समोर बंद शटर. फलकावर लिहिले आहे: दुकान भाड्याने देणे आहे."

मी मनात म्हटलं, नापास! घरी आल्याआल्या मुलीला फोन लावला. "तुझं यंत्र पैठणीला शटर म्हणतं." मला फार आनंद झाला होता. नवऱ्याची बाजू जिंकली होती. मुलगी म्हणाली, "थांब, ते जे बघतं त्याचा फोटो माझ्याकडेही येतो. मी बघते." मग म्हणाली, "अगं आई, ते करेक्ट सांगतंय. शटरच आहे. वर धूळ बसलीय, म्हणजे बंद होऊन बरेच महिने झाले असणार. बाबांना म्हणावं, मस्करी पुरे."

पण ती मस्करी नव्हती. मस्करी करताना त्यांच्या आवाजाला जे वळण येतं, ते मला ठाऊक आहे. हे मला सरळ सरळ खोटं सांगत होते. का? मला खूश ठेवायला? मग इतक्या वर्षांत अजून काय काय रचून सांगितलं? तो मैत्रिणीचा भांग खरा होता का? माझ्या मुलीच्या लग्नात मुंडावळ्या बांधलेली ती कशी दिसत होती, ते मी यांच्याच तोंडून पाहिलं होतं. तेही असंच? माझ्या डोक्यातलं सगळं ठाणं यांनी भरलेलं, आणि आता त्यातलं काय खरं नि काय पदरचं, हे मला कळायला मार्ग नव्हता. भांडले असते तर बरं झालं असतं. मी अबोला धरला.

आंधळ्या बाईने वाट दाखवणाऱ्या माणसाशी अबोला धरायचा म्हणजे पंचाईतच. फेरीला गेलोच, कारण ती सोडायची नव्हती. मी कोपर धरलं, पण तोंड उघडलं नाही. ते बिचारे खड्डे सांगत राहिले. सैल, घट्ट, सैल. हाताचं बोलणं चालू, तोंडाचं बंद. घरातही तेच. सकाळी ते स्वयंपाकघरात यायचे, दारामागच्या भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी जाऊन उभे राहायचे, कागद जरा खुळखुळायचा, घसा खाकरायचे आणि भिंतीला सांगितल्यासारखं सांगायचे, "आज एकादशी." "आज संकष्टी, चंद्रोदय बराच उशिरा आहे." तिथी सांगायचं काम लग्नापासून त्यांचं. मी "हं" सुद्धा म्हटलं नाही.

त्या संकष्टीला दुपारी मला चंद्रोदयाची नेमकी वेळ हवी होती, मोदकांचा बेत ठरवायला. यांना विचारायचं नव्हतं. म्हटलं, सवत काय कामाची? फोन धरून कॅलेंडरसमोर उभी राहिले. फोन म्हणाला, "भिंतीवर छापील कागद आहे. शीर्षक: थंडीसाठी पौष्टिक लाडू. साहित्य: डिंक, खारीक, सुके खोबरे."

मी जरा सरकून परत धरला. परत डिंकाचे लाडू. मग फोन खाली सोडला आणि हाताने चाचपलं. आमच्या कॅलेंडरच्या वरच्या कडेला पत्र्याची पट्टी असते, तिची दुमडलेली कड पुढच्या बाजूला लागते. ती लागत नव्हती. बोट मागे घातलं तर भिंतीकडे सापडली. मग आठवलं. दिवाळीच्या साफसफाईत खिळ्यावरून कॅलेंडर मी काढलं होतं, आणि परत मीच अडकवलं होतं. उलटं. पाठ पुढे करून. कामाच्या बाईंनी पाहिलंही असेल, पण माझ्या चुका मला दाखवायच्या नाहीत हे त्या एकदा माझ्याकडून बोलणी खाऊन शिकल्या होत्या.

म्हणजे दिवाळीपासून हा माणूस रोज सकाळी डिंकाच्या लाडवांसमोर उभा राहून मला तिथी सांगत होता.

पहिल्यांदा मी चिडलेच. पुन्हा खोटं! पण मग मास्तरीण जागी झाली. खोटं कसं? एकादशी खरी होती, संकष्टी खरी होती, खालच्या देवळात आरत्याही झाल्या होत्या. उत्तरं सगळी बरोबर. रीत कुठे होती? उत्तर बरोबर आणि रीत नाही, याचा अर्थ मी आयुष्यभर एकच लावत आले आहे. कुणाचं तरी बघून लिहिलंय. आणि मला दूध तापायच्या आधीचे ते डोंबिवलीचे फोन आठवले.

मग एकेक गोष्ट आपापल्या जागी जाऊन बसायला लागली. पेपर. बशीतला चहा. नवरात्रात टेंभी नाक्यावर देवीच्या रांगेत हे पुढच्या बाईंशी कितीतरी वेळ बोलत होते, आणि मग मला देवीच्या साडीचा रंग सांगितला होता. रंग त्या बाईंनी सांगितलेला होता. हे खोटं बोलत नव्हते. यांना दिसत नव्हतं. आणि मला, आंधळ्या बाईला, ते दिसलं नव्हतं.

ते दुपारची झोप काढून आले. मी अबोला मोडला.

"अहो, कॅलेंडर उलटं आहे."

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"तेच मी तुम्हांला विचारतेय."

खुर्ची ओढल्याचा आवाज आला. बसले. मग म्हणाले, "उन्हाळ्यापासून असेल. सगळं जात नाही गं. मधलंच जातं. कडेकडेचं दिसतं. गाड्या दिसतात, माणसं दिसतात, खड्डे दिसतात. अक्षर दिसत नाही. तू समोर बसलीस की तुझे कान दिसतात, कानातल्या कुड्या दिसतात. तोंड नाही दिसत."

मी यांचं तोंड पाहून पाव शतक झालं, पण हे काही निराळंच होतं. मला नाही दिसलं तरी हे मला बघतायत, या भरवशावर मी रोज टिकली नीट लावत होते.

आणि मग मी ओरडले. अगदी शाळेतल्यासारखी. साखर आहे तुम्हांला, डोळे तपासून घ्या म्हणून डॉक्टर वर्षावर्षाला सांगत होते, गेलात का? त्याच डोळ्यांनी मला गोखले रोड ओलांडून नेत होतात? आंधळ्याच्या गायी देव राखतो म्हणतात, इथे गुराखीही आंधळा आणि गायही! रिक्षाखाली गेलो असतो दोघं!

"खड्डा चुकला का एखादा?" ते म्हणाले. चुकला नव्हता, हेही खरंच. मग हळूच म्हणाले, "तुला सांगितलं असतं तर तू फेरी बंद केली असतीस. डॉक्टरांनी सांगितलं असतं तर मीच केली असती. म्हणून गेलो नाही."

"आणि ती पैठणी?"

"मी बघतच नव्हतो तिथे. त्या जागी तुझी पावलं हळू होतात. म्हणून सांगायचो काहीतरी."

मला वाटायचं, तिथे ते रेंगाळतात. उठून कॅलेंडर सरळ केलं आणि मुलीला फोन केला.

दुसऱ्या दिवशी मुलगी ऑफिसातून सुटी काढते म्हणाली. मी नको म्हटलं. नौपाड्यातच नेत्रतज्ज्ञ आहेत, आम्ही जाऊ. गळ्यात फोन अडकवला, त्यांचं कोपर धरलं आणि निघालो. कडेचं ते बघत होते, मधलं फोन बघत होता. फोन मला सांगायचा, मी त्यांना. "पाटी आहे, 'चिरोट्याची ऑर्डर घेतली जाईल'. पुढे दंतवैद्य. जिन्यात चपला." आयुष्यात पहिल्यांदा वर्णन मी करत होते आणि ते ऐकत होते. त्यांच्यासारखं रंगवून सांगायला मला जमत नव्हतं, तशी मी कबुली दिली. "पाढे म्हटल्यासारखं सांगतेस," ते म्हणाले, पण कोपर सैल होतं.

डॉक्टर काय म्हणाले ते आधीच सांगून टाकते, उगाच टांगून ठेवणं मला आवडत नाही. साखरेमुळे पडद्याच्या मधोमध सूज आली होती. गेलं त्यातलं सगळं परत येणार नाही, थोडं येईल. उरलंय ते बहुतेक राखता येईल. डोळ्यात इंजेक्शनं घ्यावी लागतील, ती आता सुरू आहेत. आणखी उशीर केला असता तर हेही सांगता आलं नसतं. फेरी चालू आहे. गोखले रोड आम्ही सिग्नललाच ओलांडतो, आणि त्या शटरजवळ माझी पावलं अजून हळू होतात.

पण मला लिहायचंय ते त्याच्या आधीचं आहे, डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी बाहेरच्या खोलीत नजर तपासली तेव्हाचं. तिथल्या एका मुलीने यांना खुर्चीवर बसवलं, एक डोळा झाकला आणि समोरची अक्षरं वाचायला सांगितली. मी बाजूच्या स्टुलावर होते, त्यांचं कोपर धरूनच, कारण सोडायचं मला सुचलं नव्हतं. आणि माझ्या गळ्यातला फोन चालूच राहिला होता. त्यालाही समोरचा फलक दिसत होता. तो माझ्या कानात वाचायला लागला.

पहिलं मोठं अक्षर यांनी बरोबर सांगितलं. दुसरी ओळ मान तिरकी करून, सावकाश, पण बरोबर. तिसऱ्या ओळीत फोन म्हणाला र, हे म्हणाले न. फोन म्हणाला ग, हे म्हणाले म. यांना किती दिसतं हे मला आयुष्यात पहिल्यांदा कळत होतं. अक्षरागणिक, जसं पेपर तपासताना कळतं.

"काका, खालची ओळ?" मुलगी म्हणाली.

त्यांनी घसा खाकरला. कॅलेंडरसमोर खाकरायचे, तसाच. हा माणूस आता काहीतरी रचून सांगणार. पास व्हायला बघणार. फोनने ती ओळ मला वाचून दाखवली होती. चार अक्षरं. नुसतं पुटपुटले असते तरी त्यांना ऐकू गेलं असतं. आणि मला, जिने एका पोराला कधी शेजारच्या वहीत डोकावू दिलं नाही, ती चार अक्षरं त्यांना सांगावीशी वाटत होती. इतकी, की मी ओठ दाताखाली धरले.

मग माझ्या हातातलं त्यांचं कोपर अंगाशी घट्ट आवळलं गेलं. थांब. पुढे वाट नाही.

"नाही दिसत," ते म्हणाले. त्या मुलीला नाही, माझ्याकडे वळून म्हणाले. "खालची ओळ मला दिसत नाही गं."

फोन पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागला होता. मी तो बंद केला.